हत्यारासाठी हत्यार

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक जुना लेथ आहे. लांबी जेमतेम साडेतीन फूट. एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या भंगारातून तो वजनावर विकत घेतला, त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. रविवारी सकाळी चहा झाला की मी पडवीत असतो. एकदा शेजारचे आप्पा डोकावले आणि म्हणाले, "दर रविवारी काय करत असता हो यावर?"

मी म्हटलं, "आत्ता बोरिंग बार करतोय."

"तो कशाला?"

"लेथवर भोकं मोठी करायला."

"बरं. मागच्या महिन्यात काय केलंत?"

"डाय धरायची मूठ. तीही लेथलाच बसते."

आप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लेथवर तुम्ही लेथसाठीच वस्तू करता. मग लेथ घेतलाच नसता तर एवढ्या सगळ्या वस्तू लागल्याच नसत्या की!"

घरात लेथ असलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. बहुधा बायको विचारते. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. पण आप्पांचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं. आज तेच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

लेथ ही मुळात फार जुनी वस्तू. इजिप्तमध्ये पेतोसिरिस नावाच्या पुरोहिताचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी ३००च्या आसपासचं. त्याच्या भिंतीवर दोन माणसं लेथवर काम करताना कोरलेली आहेत. एकजण पट्टा मागेपुढे ओढून काम फिरवतो आहे आणि दुसरा त्याला हत्यार लावतो आहे. आपल्याकडे हेच काम कातारी करत आले. सावंतवाडीची लाखेची रंगीत खेळणी, पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे ही सगळी कातकामाचीच लेकरं. या सगळ्या लेथांमध्ये एक गोष्ट समान होती. हत्यार माणसाच्या हातात असे. काम गोल येई ते फिरण्यामुळे. पण ते सरळ येणं, मापात येणं, हे सगळं कातणाऱ्याच्या मनगटावर. लाकडाला ते पुरतं. लाटणं केसभर जाड-बारीक झालं म्हणून पोळी बिघडत नाही. वाफेच्या इंजिनाच्या दट्ट्याला मात्र ते चालत नाही.

धातू अचूक कातायचा तर हत्यार हातातून काढून यंत्राच्या पकडीत द्यायला हवं आणि ते सरळ रेषेत, ठरावीक गतीनं सरकवायला हवं. सरकवायचं कशानं? मळसूत्रानं. मळसूत्र म्हणजे आटे पाडलेला लांब दांडा. त्याला एक फेरा दिला की त्याच्यावरची नट एका आट्याइतकी पुढे जाते. या मळसूत्राची फेऱ्याफेऱ्याची चाल जितकी एकसारखी, तितका लेथ खरा.

आता अडचण बघा. अचूक मळसूत्र करायचं तर अचूक लेथ हवा. आणि अचूक लेथ करायचा तर त्यात बसवायला आधी अचूक मळसूत्र हवं. मग पहिलं अचूक मळसूत्र आलं कुठून?

पुष्कळ पुस्तकांत याचं एका ओळीत उत्तर मिळतं: हेन्री मॉडस्ले, इंग्लंड, सन १७९७. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. १४८०च्या सुमाराच्या एका जर्मन हस्तलिखितात आटे पाडायच्या लेथचं चित्र आहे. त्यात हत्यार हातात नसून सरकत्या बैठकीत धरलेलं आहे. रशियाच्या पीटर बादशहाला कातकामाचं वेड होतं. त्याच्या पदरच्या आंद्रेई नार्तोव्ह या कारागिरानं यंत्रानं हत्यार धरणारे लेथ अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच बांधले होते. फ्रान्समध्ये वोकांसननं संपूर्ण धातूचा भक्कम लेथ केला. आणि लंडनच्या जेसी राम्सडेननं १७७०च्या दशकात वर्तुळाचे अंश आखायचं यंत्र बनवलं. त्यासाठी लागणारं मळसूत्र कातायला त्यानं वेगळा लेथ मुद्दाम बांधला. म्हणजे एका हत्यारासाठी दुसरं हत्यार, हा आमच्या पडवीतलाच प्रकार!

राम्सडेनच्या बाबतीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. समुद्रावर जहाजाचं स्थान ठरवायला अचूक आखणीची उपकरणं लागत, म्हणून इंग्लंडच्या रेखांश मंडळानं त्याला ६१५ पौंड दिले. पण अटी घातल्या. यंत्राची रचना त्यानं छापून जाहीर करायची आणि दुसऱ्या कारागिरांना ती शिकवायची. त्याप्रमाणे १७७७ साली ती पुस्तिका छापून निघाली. हत्यार कुणाचं आणि त्यामागची विद्या कुणाची, हा प्रश्न तेव्हाही होता. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

मॉडस्लेचा जन्म १७७१चा, वुलिचचा. बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामाला लागला. अठराव्या वर्षी त्याला जोसेफ ब्रामानं आपल्या कारखान्यात नेलं. ब्रामाचं कुलूप तेव्हा गाजलेलं होतं, पण ते हातानं घडवायला इतका वेळ लागे की किंमत परवडेना. मॉडस्लेनं कुलपाचे भाग करण्यासाठी खास यंत्रं आणि हत्यारं बनवली. आठ वर्षांनी, बायकामुलांचा संसार झाल्यावर, त्यानं आठवड्याच्या तीस शिलिंगांवर पगारवाढ मागितली. ब्रामानं नकार दिला. १७९७ साली मॉडस्ले बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचं छोटं दुकान थाटलं. त्या सुमाराचा त्याचा आटे पाडायचा लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आता त्याचं पहिलं मळसूत्र. ही युक्ती इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. त्यानं लाकडाचा किंवा कथलासारख्या मऊ धातूचा गोल दांडा घेतला. त्यावर धारदार पातं तिरकं टेकवलं, आट्यांचा जेवढा उतार हवा तेवढ्याच कोनात. दांडा फिरवला की पातं त्यात रुततं आणि तिरकं असल्यामुळे आपोआप पुढे सरकत जातं. मागे उरते ती एक सर्पिल रेघ. कणकेच्या लाटीवर सुरी तिरकी धरून लाटी फिरवून पाहा, लगेच कळेल. कुठल्याही आधीच्या मळसूत्राशिवाय नवं मळसूत्र तयार! या मऊ दांड्यांवरून त्यानं पुढची मळसूत्रं केली, त्यांतली चांगली निवडली, त्यांच्यातल्या चुका शोधून दुरुस्त केल्या, आणि त्यावरून पोलादी मळसूत्रं कातली.

इथे कुणाला शंका येईल. नकलेत मुळातली खोट उतरणारच. मग सदोष मळसूत्रावरून निर्दोष मळसूत्र कसं निघेल?

त्याचं उत्तर लांब नटेत आहे. मॉडस्लेनं एक मळसूत्र केलं होतं, पाच फूट लांब, दोन इंच जाड, इंचाला पन्नास आटे. त्याची नट एक फूट लांब होती. म्हणजे एका वेळी सहाशे आटे नटेत अडकलेले. त्यांतला एखादा आटा पुढे असेल, एखादा मागे. पण नट कुणा एकाचं ऐकत नाही, सहाशे जणांची सरासरी चाल चालते. एकट्यादुकट्याच्या चुका एकमेकींत जिरून जातात. अशा नटेच्या चालीनं कातलेलं पुढचं मळसूत्र आधीच्यापेक्षा चांगलं निघतं. त्यावरून त्याच्या पुढचं आणखी चांगलं. लेक आईपेक्षा गुणाची निघावी, तसं.

दुसरी युक्ती सपाट पृष्ठांची. मॉडस्लेच्या कारागिरांच्या बाकांवर सपाट लोखंडी पाट असत. त्यांच्याशी ताडून प्रत्येकानं आपलं काम तपासायचं. हे पाट सपाट करायचे कसे? दोन पाट एकमेकांवर घासले तर ते एकमेकांत चपखल बसतात. पण तेवढ्यानं ते सपाट ठरत नाहीत. एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरीही ते बसतीलच. म्हणून तिसरा पाट घ्यायचा. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी रंग लावून ताडायचा, आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. पहिला आणि तिसरा हे दोन्ही दुसऱ्याशी जुळले, आणि एकमेकांशीही जुळले, तर तिघंही सपाट असण्यावाचून गत्यंतरच नाही. मॉडस्लेचा शिष्य जोसेफ व्हिटवर्थ यानं १८४० साली ही पद्धत विद्वानांच्या सभेत मांडली. ज्या माणसाकडे तीन बिडाचे तुकडे, एक खरवडणी आणि भरपूर चिकाटी आहे, तो आजही घरी बसून खरी सपाटी निर्माण करू शकतो. ती विकत आणावी लागत नाही.

मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेल्यांत व्हिटवर्थ होता, रिचर्ड रॉबर्ट्स होता, वाफेच्या घणाचा जेम्स नॅस्मिथ होता. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो जोसेफ क्लेमेंट. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

क्लेमेंट १७७९ साली उत्तर इंग्लंडच्या वेस्टमरलंडमधल्या एका खेड्यात जन्मला. बाप हातमागावरचा विणकर. पोराला शाळा नावापुरती. पुढे तो घरांच्या छपरांवर पाट्या बसवायचं काम करू लागला. पण फावल्या वेळात गावच्या लोहाराच्या भट्टीशी बसे. त्यानं स्वतःसाठी लेथ बनवला आणि त्यावर बासऱ्या कातल्या, नि त्या वाजवायलाही शिकला. छपरं शाकारणारा हा माणूस पुढे ग्लासगोला आराखडे काढायला शिकला आणि १८१३ साली लंडनला आला.

सॅम्युएल स्माइल्सनं १८६३च्या आपल्या चरित्रग्रंथात क्लेमेंटच्या लंडनमधल्या पहिल्या नोकरीची हकिकत दिली आहे. त्याला लेथवर उभं केलं, तर तिथली हत्यारं अगदी टाकाऊ. क्लेमेंटनं तक्रार केली नाही. तो भट्टीकडे गेला आणि त्यानं स्वतःसाठी कातायच्या हत्यारांचा जोड घडवला. शेजारच्या लेथवरच्या माणसानं ते पाहिलं आणि सांगितलं, की बाबा, तू या जागेचा नाहीस. क्लेमेंट तिथून ब्रामाकडे गेला, ब्रामाकडून मॉडस्लेकडे, आणि १८१७ साली त्यानं साउथवर्क भागात आपला कारखाना काढला. लेथमध्ये केलेल्या सुधारणांबद्दल त्याला १८२७ साली कलासंस्थेचं सुवर्णपदक मिळालं. आज वर्कशॉपमध्ये आपण टॅपनं भोकात आटे पाडतो. त्या टॅपचं डोकं आट्यांपेक्षा बारीक ठेवलं, तर काम झाल्यावर टॅप उलटा फिरवत काढायला नको, तो भोकातून पलीकडे पडतो. ही सोय क्लेमेंटची. दिवसाला पन्नास भोकं पाडणाऱ्या माणसाला विचारा तिची किंमत!

या क्लेमेंटकडे चार्ल्स बॅबेज आला. गणिती कोष्टकं आपोआप काढणारं यंत्र बॅबेजला बांधायचं होतं, आणि १८२३ साली इंग्लंडच्या सरकारनं त्याला पैसा दिला होता. हजारो सुटे भाग, एकाच जातीचे भाग एकसारखे हवेत. असं काम त्याआधी कुणी केलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याची हत्यारंही अस्तित्वात नव्हती. क्लेमेंटनं आधी हत्यारं केली, हत्यारांसाठी यंत्रं केली, आणि मग भाग केले. वर्षं गेली. सरकारचे सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाले. १८३२ साली यंत्राचा एक लहान भाग जोडून झाला, सुमारे दोन हजार तुकड्यांचा. तो चालला. आजही तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आणि मग भांडण झालं. बॅबेजला कारखाना आपल्या घराशेजारी हलवून हवा होता. क्लेमेंटनं त्यासाठी भरपाई मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा १८३३ साली क्लेमेंटनं कामगारांना रजा देऊन काम बंद केलं. हिशेब मिटवताना प्रश्न आला: ती हत्यारं कुणाची? पैसे सरकारचे, कल्पना बॅबेजची. पण त्या काळच्या धंद्याची रीत अशी होती की कारागिरानं एखाद्या कामासाठी खास हत्यारं घडवली, तर त्यांचा खर्च गिऱ्हाइकानं दिला असला तरी हत्यारं कारागिराचीच. आराखडे आणि तयार भाग बॅबेजला मिळाले. हत्यारं क्लेमेंटनं ठेवून घेतली. बॅबेजचं ते यंत्र पुढे कधीच पुरं झालं नाही, आणि १८४२ साली सरकारनं हात झटकले.

बॅबेजच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी क्लेमेंटला अडमुठा आणि लोभी ठरवलं आहे. तो तसा असेलही. पण इतिहासाला दुसरी बाजूही आहे. त्याच्या कारखान्यात काम केलेला व्हिटवर्थ मँचेस्टरला गेला, आणि १८४१ साली त्यानं आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटेत जात नसे. बॅबेजचं यंत्र अर्धवट राहिलं, पण त्या यंत्रासाठी हत्यारं करताना जे हात तयार झाले, ते वाया गेले नाहीत.

या सगळ्याला घरगुती वर्कशॉपची जोड फार लवकर मिळाली. स्ट्रासबुर्गकडून लंडनला आलेल्या होल्ट्झॅपफेल घराण्यानं १७९५पासून हौशी लोकांसाठी लेथ विकले. ते सरदार-जमीनदारांचे खेळ; हस्तिदंतावर नक्षी कातायची. साध्या माणसाची पाळी आली ती १८९८ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यानं लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक काढलं. कारकून, शिक्षक, रेल्वेतले कामगार असे लोक ते वाचत आणि घरामागच्या खोपटात पायानं चालवायच्या लेथवर वाफेची छोटी इंजिनं करत. मासिकात इंजिनांचे आराखडे असतच. पण पानंच्या पानं भरलेली असत ती हत्यारांनी. दुकानातली किंमत परवडत नाही, तर घरी कसं करायचं, हा त्यातला कायमचा विषय. १९७०च्या दशकात चॅडॉक नावाच्या प्राध्यापकानं हत्यारांना धार लावायच्या यंत्राचा आराखडा त्यात दिला. एका खेड्यावरून त्यानं त्याला 'क्वॉर्न' हे नाव ठेवलं. ते यंत्र जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधलं. लेथवर इंजिन करण्यासाठी हत्यार हवं, हत्याराला धार हवी, धारेसाठी यंत्र हवं, आणि ते यंत्र करायला पुन्हा लेथ. आमच्या आप्पांना हे कळलं तर ते कपाळाला हात लावतील.

याहून पुढे गेला तो अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचा डेव्हिड गिंजरी. १९८०च्या सुमारापासून त्यानं सात पुस्तकांची माला लिहिली. पहिल्या पुस्तकात कोळशाची भट्टी. बादलीला आतून माती थापायची, भात्याऐवजी पंख्याची हवा सोडायची आणि भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवायचं. दुसऱ्या पुस्तकात त्याच भट्टीतल्या ओतकामातून लेथ. साधी हातहत्यारं घेऊन लेथ उभा करत जायचा आणि तो अर्धाकच्चा असतानाच त्याचे पुढचे भाग त्याच्याच मदतीनं करायचे. मग त्या लेथवर पुढची यंत्रं. गिंजरी २००४ साली वारला. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यानं कुठून सुरुवात करावी, याचं उत्तर त्यानं लिहून ठेवलं: मातीपासून आणि भंगारापासून.

आपल्या इकडेही ही परंपरा आहे. माझगावच्या जहाजबांधणीच्या घराण्यातले अर्देशिर करसेटजी वाडिया यांनी १८३०च्या दशकात मुंबईत राहत्या घरी छोटी ओतशाळा घातली होती आणि घर गॅसच्या दिव्यांनी उजळलं होतं. १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. याच घराण्याच्या हरिहरच्या कारखान्यातून १९४१पासून देशी लेथ निघू लागले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. बाहेरून आणणं परवडत नाही आणि थांबायची तयारी नाही, अशा वेळी जे घडतं ते हे.

आता शेवटची गोष्ट, जरा घरगुती. मी लेथ शिकलो तो एका मिस्त्रींकडे. त्यांचं नाव सांगत नाही. ते एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. त्यांची एक लाकडी पेटी होती. तीत त्यांनी स्वतः घडवलेली हत्यारं: बोरिंग बार, आट्यांची हत्यारं, अर्धगोल घासलेले रीमर, मापाच्या चकत्या. पंचवीसएक वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी फाटकावर पेटी अडवली. पोलाद कारखान्याचं, वेळ कारखान्याची, तेव्हा माल कारखान्याचा, असं सांगण्यात आलं. मिस्त्री रिकाम्या हातानं घरी आले. ती पेटी पुढे भंगारात किलोवर गेली असं कळलं.

मी फार चिडलो होतो. मिस्त्री म्हणाले, "पोलाद त्यांचं होतं, ते खोटं नाही." क्लेमेंटच्या काळातली रीत आमच्या मिस्त्रींच्या काळापर्यंत टिकली नव्हती. हत्याराचा मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर मधल्या दीडशे वर्षांत बदललं होतं. कायद्यानं ते बरोबरही असेल. पण त्या पेटीतला एक बोरिंग बार सात वेळा दुरुस्त केलेला होता, तो ज्यानं सात वेळा दुरुस्त केला त्याच्याशिवाय कुणाच्या कामाचा होता?

पुढे मी हा लेथ घेतला तेव्हा मिस्त्री बघायला आले. दोन्ही हातांनी चक धरून हलवला, म्हणाले, "खुळखुळा झालाय." आणि पुढच्या रविवारपासून येऊ लागले. आधी त्यांनी चकच्या मागची पाठपट्टी करायला लावली. बिडाची चकती आणली, तिच्यात स्पिंडलचे आटे पाडले, ती याच लेथच्या स्पिंडलवर चढवली आणि तिथेच तिचा चेहरा कातला. ते म्हणाले, बाजारातून आणलेली पट्टी कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी लेथवर खरी असते. ही याच लेथवर खरी. त्यानंतर डाय धरायची मूठ केली. हातानं डाय फिरवली तर आटे तिरके जातात; टेलस्टॉकवर सरकणाऱ्या मुठीत धरली तर सरळच जातात. मग भाग पाडायची सोय. लेथचंच साठ दात्यांचं गिअर स्पिंडलच्या मागे बसवलं आणि दात्यात अडकणारा खटका केला. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस यांनी भाग जातो. तेवढे सगळे भाग फुकटात मिळाले. मधल्या एका रविवारी त्यांनी रुपेरी पोलादाचा तुकडा निम्म्यापर्यंत कानसला, लालबुंद करून पाणी दिलं, मग गवती पिवळ्या रंगावर उतरवला आणि तो अर्धगोल रीमर माझ्या हातात ठेवला. पेटीतल्यासारखाच होता.

दोन वर्षांत पेटीतली बहुतेक हत्यारं पुन्हा झाली. आता मिस्त्री नाहीत. हत्यारं पडवीत आहेत. ती माझी की त्यांची, हे मी कधी ठरवलं नाही.

तर आप्पांचा प्रश्न असा होता, की लेथवर लेथसाठीच वस्तू का करायच्या. मॉडस्लेनं तेच केलं, राम्सडेननं आणि क्लेमेंटनंही. मऊ दांड्यावर तिरकं पातं टेकवून निघालेल्या पहिल्या रेघेपासून आजच्या संगणकावर चालणाऱ्या लेथपर्यंत मधे जी साखळी आहे, तिच्यातली प्रत्येक कडी म्हणजे कुणीतरी हातात असलेल्या यंत्रावर त्याहून जरा चांगलं काहीतरी केलेलं आहे. यंत्र विकत घेता येतं. ते सुधारायचं कसं हे मात्र ते सुधारतानाच कळतं, आणि जवळ उभं राहून बघणाऱ्यालाच ते पुढे मिळतं.

गेल्या महिन्यात आप्पा पुन्हा आले. बरोबर नातू होता, आठवीतला. सायकलचा पेडल घट्ट बसत नव्हता, क्रँकमधले आटे गेले होते. मी बुश करून बसवला. बुशचे आतले आटे पाडायचं हत्यार माझ्याजवळ त्या मापाचं नव्हतं, म्हणून आधी ते घासून केलं. पोरगा दोन तास लेथशेजारी उभा राहून बघत होता. जाताना त्यानं विचारलं, "काका, हे हत्यार तुम्ही केलंत, पण ज्या कानशीनं केलंत, ती कानस कुणी केली?"

मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी ये, सांगतो.